काचेआडचा आषाढ : कळलावीच्या सोळा चटपटीत गोष्टी

मार्च महिना, इंग्लंडमधलं एखादं काचघर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत ऊब. कुणीतरी एक फाटे फुटलेला कंद अलगद उचलतो, कुंडीत आडवा झोपवतो, वर माती सारतो आणि पुढचे कित्येक आठवडे तापमापीकडे डोळे लावून बसतो. उन्हाळा आला की काचेआड लाल-पिवळी ज्वाळा पेटते आणि शेजारीपाजारी बघायला येतात.

श्रावणात आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात या. रतनवाडीच्या वाटेला, पाचनईच्या बांधाला, कळसूबाईच्या पायथ्याला तीच वेल करवंदाच्या जाळीवर चढून बसलेली असते. तिला कुणी लावलेलं नसतं, पाणी घातलेलं नसतं, की ऊब दिलेली नसते. ती आपली कळलावी. ज्या नाजूक वेलीसाठी साहेब काचेचं घर बांधतो, तिला सह्याद्री फुकटात वाढवतो. म्हणून तिच्या या सोळा गोष्टी.

१. काचघर म्हणजे बांधून घेतलेला आषाढ

या वेलीच्या मागण्या चारच : उबदार माती, दमट हवा, वाढताना भरपूर पाणी आणि फुलून झाल्यावर कोरडी झोप. थंड देशातला माळी या चार गोष्टी काच, हीटर, झारी आणि कॅलेंडर वापरून जुळवतो. अकोल्यात जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की चारही आपोआप जुळतात. थोडक्यात, काचघर बांधणारा माणूस आपला आषाढच घरी आणायला बघत असतो.

२. एकाच जिल्ह्यात पूर आणि दुष्काळ

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा : १७,०४८ चौरस किलोमीटर. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. घाटघरला तर ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. तिथून पूर्वेकडे नगर शहरापर्यंत उतरलं की वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. ढग तेच, पण डोंगराने त्यांना आधीच पिळून घेतलेलं असतं. म्हणूनच पश्चिमेच्या डोंगरात बांधाबांधाला दिसणारी ही वेल पूर्वेच्या कोरड्या माळाला मुद्दाम जपून वाढवावी लागते.

३. नावातच भांडण

‘कळ लावणं’ म्हणजे दोघांत भांडण पेटवून देणं, हे मराठी माणसाला सांगायला नको. या वेलीचं फूल घरात आणलं की घरात भांडणं होतात, अशी समजूत गावोगाव आहे. त्या समजुतीने एक चांगलं कामही केलं : लहान मुलं या फुलापासून लांब राहिली. वेल विषारी आहे हे मुलांना किती वेळा समजावणार? ‘आणलंस तर भांडणं होतील’ एवढं म्हटलं की पुरे.

४. नावातच बाळंतपण

कळ म्हणजे वेदनाही, आणि बाळंतिणीला येतात त्या कळा. पूर्वी सुईणी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप बेंबीखाली किंवा तळपायाला लावत. संस्कृतातलं तिचं ‘गर्भपातिनी’ हे नाव त्याच ओळखीतून आलं. म्हणजे ‘कळ लावणारी’ या एका शब्दात माजघर आणि चव्हाटा, दोन्हीकडच्या आठवणी आहेत. हा उपाय आता आठवणीतच राहू द्यायचा. या कंदाने आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

५. नांगर, ज्वाळा आणि वाघनखं

संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. जमिनीतला कंद वाकडा, दोन फाट्यांचा, हुबेहूब छोट्या नांगरासारखा. फूल बघणाऱ्याने ‘अग्निशिखा’ म्हटलं. वळलेल्या पाकळ्या बघून कुणी ‘वाघनखी’ म्हटलं, आणि विषाची आठवण ठेवून कुणी ‘खड्यानाग’. एकाने माती उकरून पाहिलं, दुसऱ्याने मान वर करून, तिसऱ्याने जरा लांबूनच. नावांवरून माणसं कुठे उभी होती तेही कळतं!

६. एक डोळा, एक आयुष्य

बटाट्याला अनेक डोळे असतात. तुकडे करून लावला तरी प्रत्येक डोळ्यातून झाड येतं. कळलावीचं तसं नाही. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच कोंब. ते टोक मोडलं की तो फाटा कायमचा मुका. आणि फाटा मोडतो खडूसारखा, पटकन. दर हंगामात जुना कंद स्वतःला रिता करून वेल वाढवतो, आणि फुलोऱ्याबरोबर खाली नवा फाटेरी कंद तयार होतो. पुढच्या वर्षीची वेल त्या नव्या कंदातून. म्हणून अनुभवी माळी हा कंद अंड्यासारखा दोन्ही हातांनी उचलतो.

७. पानाच्या टोकाला बोट

काकडीला, कारल्याला आधार धरायला वेगळे तणावे असतात. कळलावीने ती सोय पानातच करून घेतली आहे. पान निमुळतं होत जातं आणि त्याचं टोकच गोल वळून काटकी पकडतं. तळाच्या पानांना हे वळण नसतं; वेल उंच होऊन आधाराची गरज पडली की वरच्या पानांची टोकं वळायला लागतात. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर लिहिलेल्या निबंधात ग्लोरिओसाची, म्हणजे कळलावीच्या गोत्रातल्या वेलीचीही, नोंद आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६३ मध्ये, त्याने आपल्या घराशेजारी खास उष्णगृह उभारलं होतं. आपल्या बांधावरच्या वेलीच्या गोत्रातली वेल तिकडे उत्क्रांतीच्या संशोधनात अशी पोचली.

८. रोज नवा रंग

कळी उमलते तेव्हा पाकळ्या हिरवट-पिवळ्या. मग तळाशी पिवळा आणि टोकाला नारिंगी, आणि शेवटी सगळंच फूल लालभडक. एकाच वेलीवर सगळ्या वयांची फुलं एकदम दिसतात, म्हणून लांबून वेल खरंच पेटल्यासारखी वाटते. फुलाचं तोंड जमिनीकडे आणि सहा लाटदार पाकळ्या उलट वळून आभाळाकडे. पावसाळी फुलाला यात एक सोयही आहे : खाली तोंड केलेल्या फुलात पाणी साचत नाही.

९. मान वळवून बसलेली वधू

फुलातले सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. मधला स्त्रीकेसर मात्र मुळाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. आपलेच पराग आपल्याला लागू नयेत, दुसऱ्या फुलाचे यावेत, अशी ही मांडणी. ते काम फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी करतात. तमिळनाडूत बियांसाठी या वेलीची शेती होते. तिथले शेतकरी पाखरांवर विसंबून राहत नाहीत. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी शेतात उतरून हाताने, एकेका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत फिरतात.

१०. गौरीचे हात

भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा ही वेल ऐन बहरात असते. कोकणात गौरीच्या पूजेत या फुलांना मान आहे आणि तिथे तिचं नावच ‘गौरीचे हात’. लांब, लालसर, किंचित वळलेल्या पाकळ्या म्हणजे मेंदी लावलेली बोटं. आता गंमत बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संगम काव्यातही या फुलाला ‘कांदळ’ म्हणतात, आणि कवी तिथे त्याची तुलना स्त्रीच्या बोटांशीच करतात. भाषा वेगळ्या, काळ वेगळा, पण फुलात दिसले हातच. आणि जी वेल एका गावात भांडणाची म्हणून उंबऱ्याबाहेर, तीच दुसऱ्या गावात साक्षात गौरीच्या अंगावर!

११. राज्यफूल, राष्ट्रफूल आणि राणीचा दागिना

महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण. तमिळनाडूने मात्र आपल्या कळलावीला राज्यफूल केलं. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया होता तेव्हा, १९४७ मध्ये, तिथल्या शाळकरी मुलांच्या वर्गणीतून राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसानिमित्त या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच देण्यात आला. १९५२ मध्ये वडील गेल्याची बातमी केनियात ऐकून ती राणी म्हणून लंडनला परतली, तेव्हाही काळ्या पोशाखावर तो ब्रोच होता.

१२. मलबार, लायडन आणि लिनियस

सतराव्या शतकात केरळातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात ही वेल ‘मेंदोणी’ या मल्याळी नावाने आली. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनच्या उद्यानाचे पॉल हर्मन तिला ‘मेथोनिका’ म्हणत होते. मग १७५३ मध्ये कार्ल लिनियसने नाव पक्कं केलं : ग्लोरिओसा सुपर्बा. पहिल्या शब्दाचा अर्थ तेजस्वी, दुसऱ्याचा भव्य. ज्याने जगातल्या हजारो वनस्पतींना नावं दिली, त्याला या एका वेलीसाठी एक विशेषण पुरलं नाही. काचघरात सर्वांत लाडक्या झालेल्या लाल वाणाचं नाव ‘रॉथ्सचाइल्डियाना’. ते ठेवलं वॉल्टर रॉथ्सचाइल्डवरून, म्हणजे लंडनच्या रस्त्यात झेब्रे जुंपलेली गाडी हाकणाऱ्या त्याच हौशी प्राणिसंग्राहकावरून.

१३. सम्राटाच्या काकड्या, आपल्या ढोबळ्या मिरच्या

काचघराची कल्पना काच स्वस्त होण्याच्या कितीतरी आधीची. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागे. माळी काकडीचे वाफे चाकांवर ठेवून उन्हात ढकलत आणि थंडीत त्यांवर पारदर्शक दगडाचे पातळ पापुद्रे झाकत. पहिलं ‘काचघर’ही वेलीसाठीच! आज नगर जिल्ह्यात शेतकरी पॉलिहाऊस उभारतो, त्यावरचा प्लॅस्टिक कागद साधारण २०० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्याआड जरबेरा, गुलाब, रंगीत ढोबळी मिरची पिकते. जपानच्या कोची भागात अशाच घरांत ग्लोरिओसा पिकवतात आणि तिची फुलं पुष्पगुच्छांसाठी बाजारात जातात.

१४. काचेआड गरम का होतं?

एप्रिलात उन्हात उभी केलेली गाडी उघडली की तोंडावर वाफ येते. काचघरही तसंच. ऊन आत शिरतं, जमीन तापते, तिला लागून हवा तापते. उघड्यावर ती हवा वर निघून गेली असती. काचेने ती अडते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने १९०९ मध्ये दोन खोकी घेतली. एकावर काच, दुसऱ्यावर सैंधव मिठाचा पारदर्शक तुकडा. जमिनीतून निघणारी उष्णता मिठातून आरपार जाते, काचेतून जात नाही. तरी दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे मुख्य काम हवा कोंडण्याचं. त्यामुळे नगरच्या उन्हात पॉलिहाऊसवाल्याची खरी कसरत असते ती कोंडलेली हवा बाहेर काढायची. कडेचे पडदे गुंडाळणं आणि आत पाण्याचं धुकं सोडणं, ही त्याची रोजची कामं.

१५. विष ते औषध, औषध ते कलिंगड

आता सर्वांत महत्त्वाचं. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद तर हमखास घातक. तो रताळ्यासारखा, रानातल्या करांद्यासारखा दिसतो, आणि चूक तिथेच होते. शिजवूनही विष जात नाही. पोटात गेल्यास आधी ओकाऱ्या-जुलाब, मग एकेक अवयव थकत जातो. जे वाचतात त्यांचे केस काही दिवसांनी गळतात. घरगुती उतारा शोधण्यात वेळ न घालवता थेट मोठं रुग्णालय गाठायचं. आयुर्वेदाने तिला सात उपविषांत बसवलं, रुई, शेर, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतऱ्याच्या पंक्तीत.

विषाचं नाव कोल्चिसिन. १८२० मध्ये पेलेतिये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते कोल्चिकम या कळलावीच्याच कुळातल्या वनस्पतीतून वेगळं केलं. पेशी दुभंगताना आतल्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म दोर असतात. कोल्चिसिन ते दोर तयारच होऊ देत नाही. म्हणूनच ते मारतं. पण डॉक्टरांनी मोजलेल्या बारीक मात्रेत तेच गाउटचा, म्हणजे सांध्यात युरिक आम्ल साचून होणाऱ्या ठणक्याचा, दाह उतरवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या कमी मात्रेला मंजुरी मिळाली. तमिळनाडूतल्या शेतातून निघणाऱ्या बिया याच औषधासाठी जातात.

आणि कलिंगड? रोपावर कोल्चिसिन लावलं की दोर बनत नाहीत, गुणसूत्रं वेगळी होत नाहीत, आणि पेशीत त्यांची संख्या दुप्पट होते. १९३७ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञांना ही युक्ती सापडली. जपानच्या हितोशी किहारांनी असं दुप्पट गुणसूत्रांचं कलिंगड साध्या कलिंगडाशी जुळवलं आणि बिनबियांचं कलिंगड जन्माला आलं. उन्हाळ्यात बिया न थुंकता फोड खाता ना? त्यामागे कळलावीच्या कुळाची पुण्याई आहे.

१६. शेजारी : कंदील लावणारी भावंडं

कळलावी डोंगरात एकटी नाही. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्पं आहेत. त्यांनाही जमिनीत कंद, त्यांचाही जीव पावसाळ्यापुरता, आणि त्यांतल्या काही वेलीच. फूल लांबट कंदिलासारखं. माशी वासाने आत घसरते, खाली वळलेल्या केसांमुळे तिला बाहेर पडता येत नाही. काही काळाने केस मलूल होतात आणि परागांचं ओझं घेऊन ती सुटते. यातल्या कित्येक जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्या बागेत वाढवून जपण्याचं काम झालं आहे. त्यांचीच दक्षिण आफ्रिकेतली बहीण, बदामाच्या आकाराच्या पानांची सेरोपेजिया वूडी, शहरांतल्या खिडक्यांत टांगलेली दिसते.

नगरमध्ये लावायचीच असेल तर…

• *कंद कुठून?* रोपवाटिकेतून. रानातून उपटून कधीच नाही. बी पेरलं तर फुलासाठी तीन-चार वर्षं थांबायची तयारी हवी.

• *कधी?* मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि भरपूर वाळू. पाणी साचलं की कंद सडतो.

• *कसा?* कंद आडवा, दोन-तीन इंच खोल. कोंबाचं टोक कुठे आहे ते आधी बघा, ते दाबलं जाऊ देऊ नका.

• *आधार?* बारीक काटक्या किंवा तार. जाड बांबूला पानाचं टोक वेढा घालू शकत नाही.

• *काच हवी का?* नको. इंग्लंडला ऊब विकत घ्यावी लागते, नगरला ओलावा. शेडनेटची सावली आणि पावसाने दडी मारली तर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा पुरे.

• *मग?* पानं पिवळी पडली की पाणी बंद. वेल वाळते, ती मेली असं समजून कुंडी उपडी करू नका. कंद आत झोपलेला असतो. कुंडीवर तारीख लिहून कोरड्या कोपऱ्यात ठेवा, पुढच्या मे महिन्यापर्यंत.

• *सांभाळा :* हातमोजे घाला. लहान मुलं आणि गुरं-शेळ्या पोचतील तिथे लावू नका.

आणि एक शेवटची विनंती

अकोले हा तालुका बी जपणाऱ्यांचा आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालांपासून भातापर्यंत बियाणं गाडग्यामडक्यांत सांभाळलं, आणि त्या कामाला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाल जपला गेला, कारण तो ताटात येतो. कळलावी ताटात येत नाही, उलट बदनाम आहे, आणि औषधी म्हणून तिचे कंद रानोमाळ उपटले जातात. उपटताना फाट्याचं टोक मोडतं आणि त्या जागची वेल कायमची जाते. तिचं बी कुणाच्या मडक्यात नाही. बांध, देवराई, करवंदाची जाळी, एवढीच तिची तिजोरी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, पण अभयारण्याची हद्द संपते तिथे बांध सुरू होतो, आणि बांध आपल्या हातात आहे.

यंदा गौरीच्या आगेमागे भंडारदऱ्याला गेलात तर धबधब्यापाशी गाडी थांबवण्याआधी रस्त्याकडेच्या जाळीकडे एकदा बघा. पेटलेली दिसली, की जवळ जा, पानाचं टोक काटकी कशी धरतं ते बघा, मुलांना दाखवा, फोटो काढा. हात मात्र मागे बांधलेले असू द्या. तिकडे इंग्लंडमध्ये कुणीतरी याच क्षणासाठी मार्चपासून काचेआड बसलेलं आहे. आपल्याला फक्त ती आहे तिथे राहू द्यायची आहे.